मदत हवी आहे: क्योतोच्या खात्यात काय काय धरायचं?

नमस्कार मंडळी. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी क्योतो विद्यापीठातल्या संशोधनावर लिहायला बसलोय आणि सुरुवातीलाच अडकलोय.

भौतिकशास्त्रज्ञ युकावांना १९४९ साली जपानचं पहिलं नोबेल मिळालं. ते शिकले क्योतोत, पण मेसॉनवरचा (अणुकेंद्रातल्या कणांना बांधून ठेवणाऱ्या कणावरचा) १९३५ चा निबंध लिहिला तेव्हा नोकरी ओसाकाला. कोबायाशी-मास्कावा या भौतिकशास्त्रज्ञांचं उलटं: दोघं शिकले नागोयात, क्वार्कवरचा (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांवरचा) १९७३ चा निबंध मात्र क्योतोतला. मग धरायचं काय, माणूस कुठे शिकला की काम कुठे झालं? मला दुसरं पटतं, पण तसं केलं तर युकावाच गळतात. ते काही जिवावर येतंय.

दुसरी अडचण भाषेची. क्योतोच्याच यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशींत चार जनुकं घालून त्या जवळपास भ्रूणातल्या मूलपेशींसारख्या (शरीरातली कुठलीही पेशी बनू शकतील अशा) करून दाखवल्या. (आधी निवडली होती २४, त्यातून चार उरली.) या आयपीएस पेशींसाठी सातवीच्या मुलांना कळेल असा शब्द सुचवा ना. 'प्रेरित बहुक्षम मूलपेशी' ऐकून माझ्या लेकीनं सरळ जांभई दिली. क्योतोच्याच होंजोंनी शोधलेल्या पीडी-१ या प्रतिकारपेशींवरच्या प्रथिनाला 'प्रतिकारशक्तीचा ब्रेक' म्हटलं, ते तिला लगेच समजलं.

शुक्रवारी कागद चिकटवायचाय, तेव्हा जरा लवकर सांगा.