पिवळ्या बबलवर विसंबू नका

जुन्या खेळण्यांची पारख करताना 'बबल (कार्डावर खेळणं झाकणारं पारदर्शक प्लॅस्टिक) पिवळा पडलाय म्हणजे माल जुनाच' असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. पिवळेपणा उन्हानंही येतो, आणि जुना बबल नव्या छापील कार्डावर चिकटवणारेही आहेत. मुळात बबल उष्णतेनं दाबून बसवलेला असतो, गोंदानं नाही.

माझ्याकडे लहानपणापासूनचं फनस्कूल या खेळणी कंपनीचं, जी. आय. जो या खेळण्यातल्या सैनिकाचं कार्ड आहे. नागपूरचा मे महिना सोसून त्याच्या बबलची एक कड सुटली. तिला आतून कार्डाची शाई आणि कागदाचे बारीक तंतू चिकटलेत; ही उष्णतेनं बसवलेल्या मूळ बबलची खूण. इतवारीत घेतलेल्या दुसऱ्या कार्डावर मात्र कडेबाहेर चकचकीत गोंद पसरला होता, म्हणजे बबल नंतर चिकटवलेला. छपाईही दहापट भिंगाखाली बघा: कारखान्यातल्या ऑफसेट छपाईचे ठिपके फुलासारखे नेमके जुळतात, घरगुती इंकजेट प्रिंटरवर छापलेल्या नकली कार्डाचे वेडेवाकडे विखुरतात.