प्राइम क्रॉप करा म्हणे! मग टेलिफोटो झूम कशाला?

राजेंद्रनगरी: सत्तर-दोनशे झूमवर (७० ते २०० एमएम, लांबचं जवळ आणणारी लेन्स) लाखभर घालवणं म्हणजे पैशाचा चुराडा. ८५ एमएम एफ/१.८ प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स घ्या, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला (जास्तीत जास्त उजेड आत घेऊन) फोटो काढा आणि घरी येऊन क्रॉप करा, म्हणजे कडा कापून हवा तेवढाच भाग ठेवा. लेन्स शार्प असेल तर क्रॉपही शार्पच येतो.

रामबागकर: हे वाचून राहवलं नाही. आधी हिशेब करा. ८५ वरून २०० ची फ्रेम हवी तर क्षेत्रफळ साडेपाच पटीने कापावं लागतं. २४ मेगापिक्सेलमधले उरतात सव्वाचार. फोनवर चालून जातं, पण अल्बमच्या १२ बाय १८ च्या पानावर इंचाला जेमतेम १४० पिक्सेल पडतात आणि नवरीच्या नथीतले मोती एकमेकांत मिसळतात.

मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाभोवती मामा, गुरुजी, करवल्या, अक्षता घेतलेली मंडळी. पाय ठेवायला जागा नसते. अंतरपाट खाली आला की दोघांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते मागे खांबाशी उभं राहून २०० लाच मिळतं. आणि फोकसचं काय? क्रॉप रात्री करता येतो, फोकस त्याच क्षणी लागावा लागतो. चेहरा फ्रेममध्ये नखाएवढा असला की कॅमेरा पुढच्या काकूंचा अंबाडा पकडतो.

राजेंद्रनगरी: तुम्ही एफ/२.८ वाल्या झूमबद्दल बोलताय (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). ती परवडते किती जणांना? बाकीच्यांच्या हातात ५.६ वाली असते, हॉलच्या उजेडात नुसता नॉइज, म्हणजे फोटोभर दाणे. बहिणीच्या लग्नात फोटोग्राफर दीड किलोची लेन्स दिवसभर घेऊन फिरला, सप्तपदीपर्यंत हात थरथरायला लागले. अर्धे फोटो हललेले. आई अजून हळहळते.

लोकमान्यनगरकर: भिया, क्रॉप केल्यावर १.८ ही १.८ राहत नाही. प्रकाशही तितकाच कापला जातो. ८५ ला २०० केलंत की नॉइज एफ/४ च्या झूमसारखा. ५.६ वालीपेक्षा बरा, २.८ च्या जवळपासही नाही. शटरचा वेगही २०० च्या हिशेबाने धरा, नाहीतर हाताची थरथर क्रॉपमध्ये मोठी होऊन दिसते.

सिरपूरकर: लग्नाचं तुम्ही बघा. आपल्या इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर, दोन्ही तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आले, पण आपल्या लोकांना अक्कल आली नाही. छोटी लेन्स घेतलेले सारसाची जोडी दिसली की बांधावरून पुढे पुढे सरकतात. पावसाळ्यात तो उथळ पाण्यात घरटं करतो, अंडी बहुधा दोनच. जोडी उठली की अंडी उघड्यावर, आणि कावळे टपलेलेच.

राजेंद्रनगरी: उलट बोलताय! सगळ्यात पुढे ६०० एमएमच्या लांब लेन्सवालेच असतात, चोच फ्रेमभर हवी म्हणून. घरट्याची जागा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणारेही तेच.

सिरपूरकर: सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. मी आजवर एकही घरटं कोणाला सांगितलेलं नाही.

राजेंद्रनगरी: तुमच्या ग्रुपवर लोकेशनची पिन आली होती. मी डोळ्यांनी पाहिली.

सिरपूरकर: ती मी काढायला लावली. हेही पाहिलंत ना? मग तेही लिहा.

सुदामानगरची मावशी: भांडा नंतर. रंगपंचमीच्या गेरीत (इंदूरची रंगांची मिरवणूक), राजवाड्यासमोर, माझ्या झूमची नळी आत-बाहेर होताना गुलाल आत गेला. दुरुस्तीवाल्याने पुरी लेन्स खोलली. तेव्हापासून गेरीला मी प्राइमच नेते. मनगटाला झेपते ती लेन्स माझी.

रामबागकर: मावशी, गेरीत गर्दी अंगावर येते, तिथे टेलिफोटो लागतच नाही. प्रश्न लांबच्या चेहऱ्याचा आहे. हां, १३५ एफ/१.८ असेल तर मी गप्प बसेन. २०० पर्यंत क्रॉप करून ११ मेगापिक्सेल उरतात आणि नॉइज २.८ च्या झूमइतकाच. पण तिचं वजन किलोभर आणि किंमतही तशीच दणदणीत, मग राजेंद्रनगरी, तुमचा परवडण्याचा मुद्दा कुठे राहिला?

राजेंद्रनगरी: बरं, ८५ चे २०० होत नाहीत. जुन्या बाजारात १३५ बघतो. पिनचं जे बोललो ते मात्र मागे घेणार नाही. काढली खरी, पण दोन दिवसांनी.