आधी औषध, मग रिसेप्टर?

गोगलगाय: अमुक रिसेप्टर (पेशीवरची, ठरावीक रसायन जिथे चिकटतं ती जागा) पकडा, त्यात चपखल बसणारा रेणू बनवा, की झालं औषध! मेंदूच्या बाबतीत या हिशेबाचं फारच कौतुक होतं. मानसिक आजारांवरची पहिली मोठी औषधं अशी सापडलीच नाहीत. क्लोरप्रोमाझिनकडे आधी लक्ष गेलं ते शस्त्रक्रियेतल्या भुलीसाठी. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये ते मनोरुग्णांना दिलं, आणि ते डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचे रिसेप्टर अडवतं ही कल्पना पुढे यायला दशक उलटलं. इप्रोनियाझिड तर क्षयाचं औषध! रुग्ण एकदम उत्साही दिसू लागले, म्हणून नैराश्यासाठी वापरून पाहिलं.

तिरकमठा: दणकून असहमत. सोयीची उदाहरणं निवडलीत. पार्किन्सनचं काय? १९६० मध्ये हॉर्निकिएविच यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तर ठरावीक भागातलं डोपामिन जवळपास संपलेलं. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून ते ज्यापासून बनतं ते लेव्होडोपा दिलं. आजही मुख्य औषध तेच. ओरेक्सिन हे मेंदूतलं रसायन घ्या. ते सापडलं १९९८ मध्ये, जागं ठेवतं हे कळलं, आणि त्याचे रिसेप्टर अडवणारं सुव्होरेक्झंट २०१४ मध्ये निद्रानाशावर मंजूर झालं. यात योगायोग कुठे दिसतो?

गोगलगाय: पार्किन्सनमध्ये उणीव मोजता येते हो. नैराश्यात काय मोजणार? फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांनी सेरोटोनिन या अशाच दुसऱ्या निरोप्या रसायनावर परिणाम होतो काही तासांत, बरं वाटायला मात्र आठवडे लागतात. मधे काय घडतं?

ढापण्या: क्लोझापिनला दोघेही विसरलात. दिसेल त्या रिसेप्टरला चिकटणारं, डोपामिनच्या रिसेप्टरवर पकड ढिलीच, तरी इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात तेच सरस. पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असूनही डॉक्टर ते सोडत नाहीत.

तिरकमठा: झॅनोमेलिन बघा मग. १९९० च्या दशकात अल्झायमरवर तपासलं. भ्रम कमी झाले, पण मळमळ, उलट्या, घाम यांनी रुग्ण बेजार. कारण मेंदूतले ज्या मस्कारिनिक जातीचे रिसेप्टर ते चेतवतं, तेच पोटातही असतात. पुढे त्याला ट्रोस्पियमची जोड दिली. ते शरीरातले रिसेप्टर अडवतं, मेंदूत मात्र फारसं शिरत नाही. २०२४ मध्ये ही जोडगोळी अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी मंजूर झाली, डोपामिनच्या रिसेप्टरला हातही न लावता. रिसेप्टर कुठे कुठे आहेत हे माहीत नसतं, तर ही जोडी कुणाला सुचली असती?

गोगलगाय: जोडी झकास, मान्य. पण शोधत होते स्मरणशक्ती, आणि भ्रम कमी झाल्याचं दिसलं रुग्णांमध्येच! शिवाय फक्त एम-फोर या एकाच मस्कारिनिक प्रकारावर नेमकं काम करणारं एम्राक्लिडिन त्याच वर्षी चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यात प्लासिबोपुढे (औषध नसलेल्या नकली गोळीपुढे) टिकलं नाही. नेमकेपणा वाढला, फायदा कुठे गेला?

तिरकमठा: त्या चाचण्यांत प्लासिबोवाल्यांनाही चांगलाच फरक पडला होता, हे का गाळलंत? आणि झॅनोमेलिन एम-वन या दुसऱ्या प्रकारावरही काम करतं. गुण त्याचा असेल, तर शोधायचं तिथे. म्हणजे पुन्हा रिसेप्टरच ना?

ढापण्या: किंवा दोन्ही मिळून. क्लोझापिनसारखं.