लाईटीचा भरवसा नाही, सेकंडहँड पीसीवर कुठले गेम खेळू?

हद्दवाढकर
नमस्कार मंडळी. चुलतभावाकडून त्याचा जुना पीसी घेतलाय, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीचा एसएसडी. आजवर मोबाईलवर बीजीएमआय सोडून काही खेळलो नाही, आणि शाळेत असताना कॅफेत व्हाइस सिटी, आयजीआय जेवढं झालं तेवढंच. यूट्यूबवर टॉप टेन बघायला गेलं तर प्रत्येकाची यादी वेगळी आणि प्रत्येकजण ओरडूनच सांगतो. माझ्या अडचणी दोन. दुकान बंद करून घरी यायला साडेनऊ होतात, मग जेवण, म्हणजे रोज तास-दीड तास मिळाला तर मिळाला. दुसरं म्हणजे आमच्याकडं लाईटीचा काही नेम नाही, वारं सुटलं की गेली. यूपीएस नाही, घरात इन्व्हर्टर आहे पण तो सुरू होईपर्यंत पीसी रिस्टार्ट होऊन बसतो. तर एकेका गेमबद्दल दोन-दोन ओळीत सांगा, भारी का बोगस. मोठे रिव्ह्यू नकोत, ते वाचण्यातच रात्र जाईल.

लूम_नंबर_सात
भावा, उत्तर तुझ्या प्रश्नातच हाय बे. आपल्याकडं गेम कसा हाय हे ग्राफिक्सवर ठरत नसतंय, लाईट गेल्यावर तो तुला कुठं नेऊन सोडतो त्याच्यावर ठरतंय. मी तर घ्यायच्या आधी पहिलं तेच बघतो, सेव्ह कसा होतो. आता तू मागितलंस म्हणून सांगालोय, मनात येईल तसं, नंबर-बिंबर नाही.

विचर ३. २०१५ चा गेम, पोलंडच्या लोकांनी केलेला, आणि अजून त्याच्या तोडीची गोष्ट मला दुसऱ्या ओपन वर्ल्डमध्ये, म्हणजे पाहिजे तिकडं फिरता येणाऱ्या गेममध्ये, मिळाली नाही. मारामारी चालू नसेल तर कुठंही सेव्ह करता येतंय, एफ५ दाबायची सवय लाव. सुरुवातीचं व्हाइट ऑर्चर्ड गाव जरा रेंगाळतंय, तिथं कंटाळून सोडू नको. पुढं एक बॅरन भेटतो, बायको आणि पोरगी हरवलीय म्हणतो, तू त्याची कीव करत करत शोधायला जातोस आणि मग कळतंय की बायको-पोरगी घर सोडून का गेल्या. दारू पिऊन हात उचलणारा माणूस, पण गेम त्याला नुसता राक्षस करत नाही आणि माफ पण करत नाही. ते प्रकरण संपल्यावर मी पीसी बंद करून गच्चीवर जाऊन बसलो होतो. आणि ग्वेंट! पत्त्यांचा खेळ हाय आत, जग बुडत असताना हिरो खानावळीत पत्ते खेळत बसतो, आपण पण तेच करतो. तुझ्या कार्डावर मीडियमला आरामात चालेल.

एल्डन रिंग, २०२२. लई अवघड म्हणून बोंब हाय, अवघड हायच, पण लाईटीच्या बाबतीत सगळ्यात सज्जन गेम. तो सारखा आपोआप सेव्ह करत असतो, लाईट गेली तरी परत आल्यावर जवळपास तिथंच उभा असतोस. उलटा त्रास वेगळाच, पॉज नावाचा प्रकार नाही. आईनं हाक मारली की मेलास. सुरुवातीलाच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार फिरत असतो, नवीन पोरं त्याच्यावरच डोकं आपटत बसतात. अरे बाजूनं जा की, कुणी अडवलंय? नंतर घोडा मिळतो, ताकद वाढते, मग ये आणि मार त्याला. सगळा गेमच असा हाय, जमत नसलं तर दुसरीकडं जा, हे ज्याला कळलं त्याला तेवढा अवघड राहत नाही. कार्डावर लो सेटिंगला चालवावा लागेल, सेटिंग वाढवायच्या नादाला लागू नको.

सेकिरो, २०१९, त्याच कंपनीचा. यात पॉज हाय! पण बाजूनं जायची सोय फार कमी, समोरच्याच्या तलवारीचा वार बरोबर वेळेला अडवायला शिकावंच लागतंय. ताल कळला की असा मजा येतो, पण दीड तासात एकाच बॉसकडून, म्हणजे मोठ्या शत्रूकडून, मार खाऊन झोपायची तयारी ठेव.

हेडीस, २०२०. तुझ्यासारख्याला बरोब्बर. नरकातून पळून जायचं, मेलं की परत घरी, बापाची बोलणी खायची, परत निघायचं. मेल्यावर गोष्ट पुढं सरकते म्हणून हरल्याचं दुःख नाही. मधेच बंद झाला तर ज्या खोलीत होतास तिच्या सुरुवातीला परत. एक फेरी अर्धा-पाऊण तासात होते.

होलो नाइट, २०१७. ऑस्ट्रेलियातल्या दोन-चार जणांच्या टीमनं केलाय यावर विश्वास बसत नाही एवढा मोठा. पण सेव्ह आत ठिकठिकाणी असलेल्या बेंचवर बसून. बेंचवर बसलं तरच नकाशात नवीन भाग भरला जातो, ते पण नकाशा विकत घेतला असला तर. लाईट गेली की मागच्या बेंचपासून परत चालत ये. मी खेळलो कारण गेमच तसा हाय, पण वळवाच्या पावसात खेळू नको, शिव्या निघतील.

स्टारड्यू व्हॅली, २०१६. एका माणसानं एकट्यानं बनवला, चित्रं, संगीत, कोड सगळं. शेती करायची, मासे धरायचे, गावातल्या लोकांशी ओळखी वाढवायच्या. रात्री झोपलं की सेव्ह, मधे कुठं नाही. पण त्यातला एक दिवस म्हणजे आपली साधारण १४ मिनिटं, त्यामुळं गेलं तर तेवढंच जातंय. आमच्या वडिलांची मंगळवेढ्याकडं ज्वारी असते, त्यांनी मागं उभं राहून बघितलं आणि म्हणाले, ह्यात पाऊस वेळेवर पडतो व्हय.

सायबरपंक २०७७ नको. गेम वाईट म्हणून नाही, २०२० ला आला तेव्हा एवढा फुटका होता की सोनीनं आपल्या स्टोअरवरनं काढून टाकला होता, पण २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर लई सुधारला. तुझ्या कार्डाला झेपणार नाही एवढंच. नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड २००५ चाच घे, नंतरचा नको, निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू आणि हरवायच्या पंधरा रेसरांची ब्लॅकलिस्ट. फक्त पोलिस मागं लागलेले असताना लाईट गेली तर त्या पाठलागाची कमाई गेली.

आणि जुन्या व्हाइस सिटीचं तुला माहीतच असेल, सेव्ह फक्त घरी जाऊन. तेव्हा ते कसं चालवून घेतलं देव जाणे.

कडकभाकरी
लूमभाऊंचं बाकी सगळं मान्य पण विचर ३ एवढा डोक्यावर घ्यायचं काही कारण नाही. गोष्ट चांगली आहे, मान्य, पण मारामारी म्हणजे उडी मार, दोन वार कर, परत उडी मार, शंभर तास हेच. त्यात हिरो वळतो असा जसा एसटी बस स्टँडात रिव्हर्स घेते. ज्याला तास-दीड तासच मिळतो त्याला एवढा लांबलचक गेम द्यायचा म्हणजे पुढच्या वर्षीपर्यंत तो तेच खेळत बसणार, आणि मधे आठवडाभर खंड पडला की कोण कुणाचा मेहुणा होता ते विसरणार.

मी म्हणतो रेड डेड रिडेम्प्शन २ खेळ. पीसीवर २०१९ ला आला. तो पण लांब आहे, माहितीये, आता कुणी लगेच मला माझंच वाक्य ऐकवू नका. पण त्यात नुसतं घोड्यावरून फिरलं, एक हरीण मारलं, कॅम्पात येऊन गप्पा ऐकल्या तरी दीड तास वसूल होतो. मिशनच्या बाहेर कधीही सेव्ह, मिशनमध्ये चेकपॉइंट, म्हणजे मधल्या ठरावीक जागी आपोआप सेव्ह. पहिला भाग सगळा बर्फात आहे आणि संथ आहे, मे महिन्यात पंख्याखाली बसून बर्फ बघायला वाईट वाटत नाही हा भाग वेगळा. फक्त १५० जीबी जागा खातो, तुझ्या एसएसडीचा जवळपास तिसरा हिस्सा त्यालाच.

आणि राजी खेळा की लोकहो. पुण्याच्या पोरांनी केलेला गेम, २०२०. मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळातून सांगितलीय, राजस्थानी वाडे, हवेल्या, देवळं, बघत राहावं असं. आपलं म्हणून डोळे झाकून कौतुक करणार नाही, मारामारी अडखळते आणि शेवट असा अचानक येतो की वाटतं पुढचं डाउनलोड व्हायचं राहिलंय. पण पाच-सहा तासांत संपतो, तुला तीन-चार रात्री पुरे.

सातरस्ता_स्नायपर
आयजीआयचं नाव काढलं म्हणून आलो. २००० सालचा गेम, मिशनमध्ये सेव्हच नाही, पार शेवटी जाऊन एक गोळी लागली की पहिल्यापासून. कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही हे खेळायचो आणि शेजारी उभी राहिलेली पोरं सांगायची, कॅमेऱ्याच्या खालून जा, अलार्म वाजू देऊ नको. आज परत टाकून बघितला, शत्रू भिंतीकडं तोंड करून उभा असतो तो तसाच. आठवणीतच बरा आहे.

क्रिकेट ०७ मात्र अजून खेळतो. ईए कंपनीनं त्यानंतर पीसीसाठी क्रिकेटचा गेमच काढला नाही, पण लोकांनी पॅच करून करून नवीन टीम, नवीन जर्सी, सगळं घातलंय. दहा ओव्हरची मॅच लाव, जेवणाआधी संपते.

एज ऑफ एम्पायर्स २ पण घे, २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन. एकट्यानं खेळत असशील तर पाहिजे तेव्हा सेव्ह. २०२२ ला भारतावरचं डीएलसी, म्हणजे वेगळा विकत घ्यायचा जोडभाग, आलं, बंगाली, द्रविड, गुर्जर आणि राजेंद्र चोळाची मोहीम. मराठे त्यात नाहीत, आणि त्या काळाच्या हिशोबानं ठीकच आहे, पण कुणीतरी कॉमेंटमध्ये भांडायला येणारच म्हणून आधीच सांगितलं.

जुळेसोलापूरची
इतक्या गेममध्ये कुणीच ऑनलाइनचं सांगितलं नाही म्हणून लिहिते. हद्दवाढकर दादा, व्हॅलोरंट हा टीमनं खेळायचा गोळीबाराचा गेम फुकट आहे, सर्व्हर मुंबईत आहे, कार्डावर मस्त चालतं, मित्र सगळे तेच खेळतात, सगळं खरं, तरी घेऊ नका. किंवा निदान रँक्ड, म्हणजे क्रमवारीच्या मॅच, खेळू नका. लाईट गेली की तुम्ही मॅच सोडून पळालात असंच ते धरतं, दोनदा-तीनदा झालं की पुढची मॅच खेळायला बंदी, आणि टीममधले चौघं शिव्या घालतात ते वेगळं. त्यांना काय माहीत आपल्याकडं काय असतं ते.

माझी पसंती सेलेस्ट, २०१८. एक मुलगी डोंगर चढते एवढंच, पण प्रत्येक स्क्रीन हा वेगळा चेकपॉइंट, मेलात तर क्षणात परत तिथंच उभ्या. शेकडो वेळा मरता आणि राग येत नाही कारण वाट बघावी लागत नाही. फारच अडलं तर असिस्ट मोड आहे, वेग कमी करा, हवेत जास्तीच्या झेपा (डॅश) घ्या, गेम तुम्हाला त्यावरून टोमणे मारत नाही. तिच्या मनात जी घालमेल चालू असते तीच दुसऱ्या रूपात तिच्या मागं लागते, ते ज्यानं परीक्षेच्या आधीच्या रात्री अनुभवलंय त्याला बरोबर कळेल.

डिस्को एलिझियम, २०१९, सगळ्यात हुशार लिखाण. बंदूक चालवणं जवळपास नाहीच, नुसतं बोलणं आणि वाचणं, आणि तुमच्या डोक्यातलेच विचार एकमेकांशी भांडतात. इंग्रजी मात्र जड आहे, दुकानातून दमून आल्यावर जमेल का बघा. सेव्ह पाहिजे तिथं.

आणि बलाट्रो, २०२४. पोकरचे हात लावून मार्क मिळवायचे आणि जोकर नियम मोडत जातात. कुठल्याही डबड्यावर चालतो, मोबाईलवर पण आहे, म्हणजे लाईट गेली तरी चालूच. पैजेचे पैसे लावायचे नसतात त्यात, पण आईला वाटलं मी रमीवर पैसे उडवायला लागले, चार दिवस माझ्या फोनकडं संशयानं बघत होती.

हद्दवाढकर
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. हेडीस आणि स्टारड्यू नक्की. विचरवर तुमची भांडणं मिटली की सांगा. तो इन्व्हर्टरचा काही उपाय आहे का, का यूपीएस घ्यावाच लागेल? आणि पीसी जाम गरम होतो, खेळताना पंखा विमानासारखा आवाज करतो.

लूम_नंबर_सात
इन्व्हर्टरच्या मागं नाहीतर बाजूला एक छोटं बटन बघ, इको आणि यूपीएस असं लिहिलेलं. बहुतेकांचं ते इकोवरच असतंय. यूपीएसवर टाकलं की लाईट गेल्यावर तो एवढ्या झटक्यात बॅटरीवर येतो की पीसीला कळत नाही. पण त्या मोडमध्ये व्होल्टेज जरा खाली आलं तरी तो बॅटरी ओढायला लागतो, आणि आपल्याकडं संध्याकाळी व्होल्टेज कसं असतंय ते सांगायला नको, त्यामुळं खेळून झालं की परत इकोवर. आणि इन्व्हर्टर किती लोडचा हाय ते बघ, पीसीबरोबर पंखा, टीव्ही, फ्रिज सगळं त्याच्यावर असलं तर बसेल. नाहीतर साधा छोटा यूपीएस घे, खेळायला पुरणार नाही पण सेव्ह करून बंद करायला पाच मिनिटं मिळतात.

गरमीचं म्हणशील तर आधी डबा उघडून ब्लोअर मार. चुलतभाऊ कुठल्या भागातला? आमच्या गल्लीत मागाचे कारखाने हायत, सहा महिन्यांत पंख्यावर सुताच्या धुळीची गादी बसते. मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, मोकळं फिरू देऊ नको. आणि गेममध्ये फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ६० ला लॉक कर, मेनूमध्येच असतंय ते, कार्ड उगाच पळत नाही.

कडकभाकरी
स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घे म्हणजे दोन तासांच्या आत खेळलेला आणि १४ दिवसांच्या आत घेतलेला गेम आवडला नाही तर पैसे परत मिळतात. विचर पण असाच घेऊन बघ, मग लूमभाऊ बरोबर का मी ते तूच ठरव. घाई नसेल तर सेलपर्यंत थांब, जुने गेम निम्म्याच्या खाली येतात. तोवर एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात दर आठवड्याला काहीतरी फुकट असतं, ते घेऊन ठेवत जा.

जुळेसोलापूरची
एक राहिलं, स्टीमचं क्लाउड सेव्ह, म्हणजे सेव्हची प्रत इंटरनेटवर ठेवणं, चालू आहे का ते गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बघून घ्या. सेव्ह होत असतानाच लाईट गेली तर फाइलच खराब होऊ शकते, मग बेंच काय आणि एफ५ काय, सगळं सारखंच. विचरमध्ये एकाच फाइलवर सेव्ह करत बसू नका, दोन-तीन वेगवेगळ्या ठेवा.

हद्दवाढकर
बटन सापडलं, इकोवरच होतं! आज हेडीस डाउनलोडला लावलाय. कीबोर्डवर खेळू का कंट्रोलर घ्यावा लागेल?

लूम_नंबर_सात
हेडीस कीबोर्ड-माउसवर चालतंय. सेकिरो घेशील तेव्हा कंट्रोलर बघू.