तुम्ही कोणाच्या हातात कोणतं पुस्तक ठेवलंत?

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ माझं पुस्तकांचं दुकान आहे. गल्ला भरतो तो गाईड, वह्या आणि एमपीएससीच्या पुस्तकांवर. मागच्या दोन कपाटांत मात्र माझ्या पसंतीची पुस्तकं असतात, आणि ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक आलं की मी तिकडे वळतो. चांगलं म्हणजे कसं, हे मी विचारत नाही. शेवटपर्यंत वाचून झालेलं शेवटचं पुस्तक कोणतं, एवढंच विचारतो. ‘शाळेतली बालभारती’ असं उत्तर आलं तरी चालतं. अशा माणसाला मी ‘बनगरवाडी’ देतो. माणदेशातल्या धनगरवाडीत मास्तर म्हणून आलेला पोरगा, कारभारी, मेंढरं, दुष्काळ. पुस्तक छोटं, वाक्यं आखूड. १९५५ची कादंबरी आहे, पण कुठे अडखळायला होत नाही. ‘मृत्युंजय’ लोक आपणहून मागतात, त्याला दुकानदार लागत नाही.

मध्यंतरी रस्त्याच्या कामावरचा एक तरुण इंजिनिअर आला. बुटांना डांबर, हातात हेल्मेट. त्याला ‘मोटिव्हेशनल’ हवं होतं. मी प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंग ढांग’ काढून दिलं. मुंबईहून हिमालयात रस्ते बांधायला गेलेला इंजिनिअर, लष्करी शिस्त, आणि माणसाच्या जिवाची किंमत कोण ठरवणार यावरून उडालेला खटका. पोरगा महिन्याभराने परत आला आणि आणखी एक प्रत मागितली. म्हणाला, साहेबांना द्यायचीय. दिली का ते कळलं नाही. नोकरी शाबूत आहे, म्हणजे बहुधा दिली नसावी.

आता तुम्ही लिहा. दुकानदार, ग्रंथपाल, प्रदर्शनात टेबल मांडणारे, आणि ज्यांना कोणी असं पुस्तक दिलं ते वाचकही. नुसत्या याद्या नकोत, माणूस कोण होता तेही येऊ द्या.

वाचनालयातली ताई, नाशिक
आमच्याकडे दुपारी बायका येतात. ‘हलकंफुलकं द्या गं’ ही ठरलेली मागणी. मी ‘स्मृतिचित्रे’ देते तेव्हा कपाळाला आठ्या पडतात, कारण नाव शाळेत धडा म्हणून ऐकलेलं. मग मी काउंटरवरच लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांच्या सोवळ्याचा भाग उघडून देते. उभ्या उभ्या वाचून पदर तोंडाला लावून हसणाऱ्या बायका मी पाहिल्यात. पुढे त्यांचे पती, ना. वा. टिळक, ख्रिस्ती होतात, त्या मागे राहतात, काही वर्षांनी त्याही बाप्तिस्मा घेतात. एवढं सगळं सोसून ही बाई स्वतःवर हसते कशी, याची चर्चा पुस्तक परत करताना होते. मालिका बघणाऱ्यांना वाचता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे येऊन बसावं.

अप्पा बळवंत चौकात उमेदवारी केलेला
आमच्याकडे जूनमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यात एखादा बाप हमखास विचारतो, ‘पोरगा इंग्लिश मीडियमला आहे, मराठी वाचत नाही, काय देऊ?’ फास्टर फेणे. पण अट घालायचो: पहिलं प्रकरण तुम्ही वाचून दाखवायचं. फुरसुंगीचा बनेश, सायकल आणि ‘ट्टॉक!’ एवढ्यावर पोरगं अडकतं. वाचून दाखवायचं म्हटल्यावर बापाचाच चेहरा पडायचा, हा भाग वेगळा.

दोन मुलांची आई, ठाणे
वरच्या दादांना अनुमोदन. फक्त वाढदिवसाला भेट म्हणून सरसकट ‘श्यामची आई’ देणं थांबवा हो. पुस्तक मोठंच आहे, पण मोठ्यांनी स्वतः वाचून मग द्यावं. आमच्याकडे तीन प्रती आल्यात आणि देणाऱ्यांपैकी एकालाही त्यातला एक प्रसंग धड सांगता आला नाही.

अमरावती
बँकेत बदली होऊन आलेल्या पुण्याच्या एक मॅडम. ‘इकडचं काही द्या.’ मी उद्धव शेळक्यांची ‘धग’ दिली. १९६०ची कादंबरी, संवाद अस्सल वऱ्हाडी. आठवड्यानं आल्या, म्हणाल्या भाऊ, अर्धं डोक्यावरून जातंय. म्हटलं तुमच्या बँकेतल्या शिपाईमामांना विचारा. मग जेवणाच्या सुट्टीत मामा वाचत आणि मॅडम ऐकत, असं सुरू झालं. कौतिकचे हाल ऐकून कॅशियर बाईही डबा घेऊन तिथंच बसू लागल्या. मामांनी त्याआधी कादंबरी हातात धरली नव्हती. मला मॅडमपेक्षा त्यांचंच अप्रूप वाटलं. आता ते स्वतः दुकानात येतात आणि मी दिलेलं नाकारतातसुद्धा.

न्यू जर्सी
‘रुचिरा’. निघायच्या आदल्या दिवशी दादरच्या दुकानदार काकांनी न मागता पिशवीत टाकलं आणि पैसेही लावले. कमलाबाई ओगल्यांनी मापं वाटी-चमच्यात दिलीत म्हणून तरलो. फक्त माझी वाटी आणि त्यांची वाटी एक नाही, हे मिठाने कळवलं.

कोल्हापूर
थोडं कडू लिहितो. कॉलेजात असताना रस्त्यावर जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका काकांनी ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन हातात दिलं. ‘बाकीचं नंतर, आधी हे.’ दगडू आपली कहाणी दया पवारांना सांगतो, एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसलेले. मी ते एका रात्रीत संपवलं आणि दुसऱ्या दिवशी घरात आजोबांशी भांडलो. १९७८ सालचं पुस्तक. आज बऱ्याच दुकानांत ते एप्रिलमध्ये दर्शनी टेबलावर येतं आणि मे महिन्यात मागच्या फळीवर जातं. दुकानदार मंडळींनो, नोव्हेंबरमध्येही एखाद्याला काढून द्या.

धागाकर्ता
कोल्हापूरकर, मान्य. माझ्याकडेही टेबल एप्रिललाच सजतं. प्रती उद्याच पुढे आणतो.

चिपळूण
गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना ‘तुंबाडचे खोत’. जगबुडीकाठच्या खोतांच्या पिढ्या. दोन जाडजूड खंड बघून म्हणतात, ‘एवढं कोण वाचणार?’ मी म्हणतो, कोकणातल्या जमिनीच्या केसपेक्षा लवकर संपेल.

एक मुलगी, लातूर
सल्ला हवाय. बाबा निवृत्त झालेत. पेपर सोडून काही वाचलेलं नाही, पण १८५७वर कोणाशीही तासभर वाद घालतात. काय देऊ?

धागाकर्ता
ताई, गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’. वरसईचा गरीब भिक्षुक दक्षिणा मिळवायला उत्तरेत जातो आणि नेमका बंडात सापडतो. झाशी पडताना तो झाशीत होता. ऐकीव काय आणि डोळ्यांनी पाहिलेलं काय, यावर बाबांना वाद घालायला भरपूर जागा आहे. पुस्तक छापलं गेलं १९०७ साली, भाषा थोडी जुनी आहे, म्हणून टिपा असलेली आवृत्ती बघा. टाइपही मोठा घ्या, नाहीतर चष्म्याचं कारण सांगून ठेवून देतील.

एक मुलगी, लातूर
चष्मा नवाच आहे. कारण दुसरं शोधतील, पण मागवते.