डेज गॉनमध्ये क्रेडिट पटापट कसे कमवायचे? पेट्रोल अन् रिपेअरिंगमध्येच कंगाल झालोय

चोपड्याचा_डीकन

राम राम मंडळी. परीक्षा संपली, मित्राचा जुना पीसी घरी आणलाय आणि त्याच्यावर डेज गॉन टाकलाय. गेम जुना आहे माहीत आहे, पीसीवर २०२१ च्या मेमध्ये आला होता, पण आपल्याकडे ग्राफिक कार्ड येईपर्यंत तेवढी वर्षं जातातच. बाहेर ४४ डिग्री, दुपारी ओट्यावर पाय ठेवला तर चटका बसतो, त्यामुळे वेळच वेळ आहे. अडचण एकच, गेममधला पैसा, म्हणजे क्रेडिट, टिकून नाही राहिला.

सुरुवातीला डीकनच्या, म्हणजे गेमच्या हिरोच्या, मोटरसायकलचे पार्ट काढून घेतात अन् मग ते कोपलँडच्या कॅम्पातून (जगलेल्या माणसांची वस्ती) खटारा गाडी मिळते ना, तिथपासून मी फक्त टाकीच भरून राहिलोय. दोन डोंगर ओलांडले की टाकी खाली, झाडाला घासली की धूर निघतो, मग मेकॅनिककडे ढकलत न्या, तो पेट्रोलचे घेतो, रिपेअरचे घेतो, आणि बंदूक घ्यायला हातात काहीच उरत नाही. वर आणखी एक गोष्ट समजली नाही. कोपलँडकडे बऱ्यापैकी क्रेडिट जमले म्हणून टकरबाईच्या हॉट स्प्रिंग्ज कॅम्पाला गेलो तर तिथं जवळपास शून्य दाखवतंय. हा बग आहे का? रीइन्स्टॉल करू का? खिशात मारलेल्या फ्रीकरांचे (गेममधले झॉम्बीसारखे) साठ-सत्तर कान पडलेत, ते कुठं विकू? मेलेल्या लुटारूंच्या बंदुका विकता येतात का? आणि होर्ड, म्हणजे फ्रीकरांचा मोठा कळप, मारला की गंज पैसा मिळतो म्हणतात, तो मी परवा ट्राय केला, अर्ध्या मिनिटात आटोपलो, त्याबद्दल कृपया हसू नका.

तापीकाठ

रीइन्स्टॉल बिल्कुल नको करू, बग नाही तो. या गेममध्ये सगळ्यांचा मिळून एक पैसा नसतोच, प्रत्येक कॅम्पाचं खातं वेगळं. आपल्याकडे कसं, तू केळी एका अडत्याकडे टाकली तर उचल पण त्याच्याकडूनच मिळते, शेजारच्या गाळ्यावर जाऊन म्हणू शकत नाही की त्याच्याकडचे माझे पैसे तुम्ही द्या. सेम टू सेम. कोपलँडकडे विकलेले कान कोपलँडकडेच खर्च होतात, टकरकडे विकलेले टकरकडे.

आणि नुसते क्रेडिट असून भागत नाही, ट्रस्ट, म्हणजे कॅम्पाचा आपल्यावरचा विश्वास, पण लागतो, तोही कॅम्पागणिक वेगळा. तीन लेव्हल असतात, लेव्हल वाढली नाही तर चांगला माल समोर दिसतो पण कुलूप लावलेला, क्रेडिट कितीही असू दे. म्हणून तुझा प्रश्न थोडा चुकतोय असं मला वाटतं. क्रेडिट तर येतात रे, तू ते दोन ठिकाणी वाटून टाकतोय म्हणून कुठंच पुरत नाहीत. पहिल्या भागात गाडीचं काम कोपलँडकडे चांगलं आहे, हत्यारं टकरकडे. आधी ठरव की पहिले काय पाहिजे. माझं मत विचारशील तर गाडी, आणि गाडीतही पहिले टाकी. तुझा निम्मा खर्च तिथंच होऊन राहिलाय.

बंदुका विकल्या जात नाहीत. विकायचं म्हणजे फ्रीकरचे कान बाउंटीच्या माणसाकडे, आणि मांस अन् जंगलातल्या वनस्पती किचनमध्ये.

धुळ्याना_पिंट्या

आरे भो, मी बी पयले आसाच फसनू व्हतू. दोन्ही कॅम्पमा थोडा थोडा कान इकनू, ना बंदूक भेटनी ना टाकी. कॅम्प एकच धर, बठ्ठा कान तठेच इक. मंग दुसराकडे जाय.

चोपड्याचा_डीकन

धन्यवाद तापीकाठ भाऊ, अडत्याचं उदाहरण बरोबर डोक्यात शिरलं, आमचे काका त्याच भानगडीत दर वर्षी असतात. पिंट्याभो तुमचं पण. म्हणजे साठ कान कोपलँडला. पण मग पेट्रोल? ते तर रोज लागतं.

भुसावळ_यार्ड

पेट्रोलला पैसे देतोस हीच पहिली चूक. मेकॅनिककडून टाकी भरायची वेळ येते ती फक्त आळसामुळे. रस्त्यात जे पेट्रोल पंप दिसतात त्यांच्यावर गाडी लावून फुकट भरता येते, कितीही वेळा, तिथं कोणी मीटर बघत नाही. लाल कॅन पण जागोजागी पडलेले असतात, पंपाशी, गॅरेजच्या आसपास, आणि टोइंगवाल्या ट्रकच्या मागे तर बऱ्याचदा असतोच, तो ट्रक दिसला की थांबायचंच. मी तर नकाशात नवीन भागात शिरलो की पहिले पंप कुठं आहे ते बघून ठेवतो आणि मग काम घेतो.

फास्ट ट्रॅव्हलला पण पेट्रोल जातं, हे बऱ्याच जणांना कळत नाही, वाटतं की फुकट उडी आहे. आणि रस्त्यात फ्रीकरांची घरटी राहिली असतील तर तिथून फास्ट ट्रॅव्हल होतही नाही, ती मोलोटोव्ह (पेटती बाटली) टाकून जाळावी लागतात. जाळताना आतले बाहेर पळत येतात, ते पण कानच आहेत, सोडायचे नाहीत.

दुसरं, उतारावर रेस सोडून द्यायची. गाडी आपोआप घरंगळते, पेट्रोल जळत नाही. कन्नडच्या घाटात आपले जुने ड्रायव्हर करतात तसं (खऱ्या घाटात नका करू रे कोणी, ब्रेक गेला तर मोलोटोव्ह पण कामाचा नाही). ओरेगॉनचा नकाशा सगळा चढउताराचाच आहे, निम्मा रस्ता असा निघून जातो. आणि घरंगळताना इंजिनचा आवाज नसतो म्हणून मागे शेपूट कमी लागतं, हा वरचा फायदा.

रिपेअरचं तेच. बेवारस गाड्यांचे बॉनेट उघडून स्क्रॅप गोळा कर, गाडी स्वतःच दुरुस्त होते. स्क्रॅप खिशात असताना मेकॅनिककडे दुरुस्तीला जाणं म्हणजे घरी विहीर असताना टँकर बोलावणं.

रात्रीचा_राजा

एवढं कशाला डोकं लावता. पीसीवर आहेस ना, ट्रेनर (चीट करायचं सॉफ्टवेअर) टाक, क्रेडिट अनलिमिटेड, पाच मिनिटांत विषय संपला.

तापीकाठ

पाच मिनिटांत विषय संपतो आणि पाच दिवसांत गेम पण संपतो. मी एकदा दुसऱ्या एका गेमात हेच केलं होतं, सगळं एकदम मिळालं आणि तिसऱ्या दिवशी कंटाळा आला, डिलीट केला. त्यात ही ट्रेनरची फाइल कुठल्या साइटवरून आणली, तिच्यासोबत पीसीत काय काय आलं कोणाला माहीत. पोराकडे मित्राचा पीसी आहे हे लक्षात घे, मैत्री जायची.

रात्रीचा_राजा

ज्याचा त्याचा वेळ भाऊ. कामावरून आलो की माझ्याकडे तासभर असतो, तासभर हरणं मारत नाही बसणार मी.

सातपुड्याचा_शिकारी

राजाभाऊ, हरणाला तासभर लागत नाही, उगाच बदनाम नका करू. मी तर सुरुवातीचा सगळा पैसा किचनवरच काढला. सर्व्हायव्हल व्हिजन लावली की पायाचे ठसे दिसतात, त्यांच्या मागे जायचं, हरीण निघतं, लांडगा निघतो, अस्वल निघालं तर गाडी चालू ठेवूनच गोळी मार, पायी उतरू नको. मांस घेऊन किचनवाल्याला दे. एका हरणाचे फार नाही मिळत, पण कामाला जाता जाता वाटेत एक झालं तर त्या कामाचा गोळ्यांचा खर्च निघून जातो. वनस्पतींचं पण तसंच, दिसली की गाडी थांबवून तोडायची. आमच्याकडे शेताच्या बांधावरची घोळाची भाजी आई कशी येता येता खुडून आणते, तशी सवय लावायची.

आता होर्डचं. हसत नाही, मी पण तसाच मेलोय, तीन वेळा एकाच गुहेसमोर. तुझी चूक वेळेत नाही, हत्याराच्या आधी जाण्यात आहे. दिवसा होर्ड गुहेत पडून असतात, रात्री बाहेर पाण्यावर आणि खायला निघतात. तुझ्याकडे सुरुवातीची बंदूक, स्टॅमिना कमी, बॉम्ब दोन-चार, त्यात तू सरळ गुहेत शिरला असशील. पूर्ण गेममध्ये ४० होर्ड आहेत, आणि सॉमिलचा जो मोठा आहे त्याच्यात तर पाचशेच्या आसपास असतात, तो कथेतच पुढे येतो. मोठे होर्ड सध्या विसर. आता पैशासाठी रात्री रस्त्यावर फिर, दिवसापेक्षा फ्रीकर जास्त असतात, पाच-सात जणांचे घोळके असतात ते बॅटने आणि सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाने संपव, कान घे, पुढे चल. ओरडणारी स्क्रीमर, तो दांडगा ब्रेकर, यांच्या कानाला साध्यापेक्षा जास्त भाव आहे, पण ब्रेकर एकट्याने आणि मोकळ्या जागेत दिसला तरच.

होर्डला पुढे जाशील तेव्हा मोकळ्या मैदानात उभं राहायचं नाही. अरुंद जागा बघून ठेव, दोन भिंतींच्या मधली, खिडकीतून उडी मारता येईल अशी. तिथून पळायचं, मागे सगळे कोंडले की पाइप बॉम्ब किंवा मोलोटोव्ह. आणि पळायची वाट आधी पायी चालून बघायची. ती वाट मी बघितली नव्हती म्हणून तीन वेळा मेलो, चौथ्यांदा बघितली आणि तरी मेलो, पण थोडा उशिरा.

भुसावळ_यार्ड

शिकारी भाऊच्या पोस्टमध्ये एक राहिलं, नीरोचे, म्हणजे गेममधल्या सरकारी संस्थेचे, चेकपॉइंट. तिथं कुलूपबंद गाडी असते, तिच्यात इंजेक्टर असतं, हेल्थ, स्टॅमिना किंवा फोकस वाढवता येतो. क्रेडिट थेट नाही मिळत पण स्टॅमिना वाढला की पळता येतं, पळता आलं की कान जास्त, हिशोब तिथंच येतो. जनरेटरमध्ये पेट्रोल टाकून लाइट चालू करावी लागते. पण चालू करायच्या आधी भोवतीचे सगळे स्पीकर बंद करायचे, एक जरी राहिला तर लाइट लागताच तो बोंबलतो आणि पंचक्रोशीतले फ्रीकर वरातीला आल्यासारखे येतात. खांबावर उंच पण असतात, मान वर करून बघ. मी एक विसरलो होतो. लग्नाच्या बँडचा आवाज आला की अजून दचकतो.

आणि रस्त्यात कोणी ओलीस धरलेला दिसला, सोडवला, तर त्याला कोणत्या कॅम्पात पाठवू असं विचारतात. तिथं पण डोकं वापर, ज्या कॅम्पाचा ट्रस्ट वाढवतोय तिथंच पाठव. टकरबाईकडे माणसं राबवतात म्हणून मला पाठवायला जीवावर यायचं, हा माझा वेडेपणा, गेमला फरक नाही पडत.

धुळ्याना_पिंट्या

आनी भो, मागला कॅम्पमा गंज क्रेडिट जमाडीसन ठेवू नको. पुढे लॉस्ट लेक येस, तठे आयर्न माईकना कॅम्प, खातं पुन्हा शून्यपासून. तठे गाडीवालाबी शे नि बंदुकवालाबी शे. म्हनीसन जाता जाता लास्टला काही कान खिशामाच राहू दे, तठे इकाले.

तापीकाठ

पिंट्याने लाखाचं सांगितलं. हे कोणीच सांगत नाही. लॉस्ट लेक उघडायच्या थोडं आधीपासून कान विकणं बंद कर, साठवून ने, पहिल्याच दिवशी तिथं ट्रस्ट उडी मारतो. माझे कोपलँडकडे इतके क्रेडिट राहून गेले की आता तो उधारी मागायला फोन करेल असं वाटतं.

चोपड्याचा_डीकन

मंडळी, रिपोर्ट. काल रात्री सगळं ऐकलं तसंच केलं. साठ कान आणि वर रात्रीचे बावीस, सगळे कोपलँडला, एक पण टकरला नाही. एका ओलिसाला पण तिथंच पाठवलं. ट्रस्ट वाढला आणि मोठी टाकी घेतली!! दोन डोंगर काय, चार ओलांडले, उतारावर रेस सोडत होतो तर बाजूला बसलेला भाऊ म्हणतो गाडी बंद पडली का. दुरुस्तीचा एक पैसा मेकॅनिकला दिला नाही, स्क्रॅपवर सगळं.

मग जोशात नीरोच्या चेकपॉइंटला गेलो. स्पीकर मोजून चार कापले, मान वर करून पण बघितलं, पाचवा सापडला, तो पण कापला, जनरेटरमध्ये कॅन ओतला, बटण दाबलं, तिथली लाइट आली आणि आमच्या गल्लीतली गेली. सेव्ह केलेलं नव्हतं.

भुसावळ_यार्ड

😂😂 गाडीपाशी उभं राहून सेव्ह होतं रे, टाकी घेतल्याबरोबर करायचं होतं. ऑटोसेव्ह बघ, टाकी बहुतेक राहिली असेल.

चोपड्याचा_डीकन

लाइट यायची वाट बघून राहिलोय, मोबाइलवरून टाइप करतोय, १२ टक्के आहे. चोपड्यात कोणाकडे जनरेटर असेल तर सांगा, पेट्रोल मी आणतो, स्पीकर तुम्ही कापा.