कॅसेट कंपनी विकली जातेय म्हणे. वडिलांनी नव्या कागदावर सही करावी का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) गवळणी आणि भारुडं लिहितात, चाली लावतात, गातात. कराडच्या आसपास त्यांना बरेच लोक ओळखतात. मुंबईच्या एका कंपनीने त्यांच्या दोन कॅसेट काढल्या, पहिली 1993 ला आणि दुसरी 1998 ला. दोन्ही वेळा एकरकमी मानधन मिळालं, रॉयल्टीचा विषयच निघाला नाही. अण्णांची त्याबद्दल तक्रार नाही. यात्रेत कॅसेटच्या स्टॉलवर आपला आवाज लागलेला ऐकला की त्यांना भरून पावल्यासारखं व्हायचं. आता ती गाणी यूट्यूबवर आहेत आणि लोक ऐकतातही.

दिवाळीपासून कलावंतांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नाही. कोणी म्हणतं कंपनी बंद पडली, कोणी म्हणतं एका बड्या कंपनीने घेतली, कोणी म्हणतं जुनी गाणी सगळी काढून टाकणार. ऑफिसचा फोन कोणी उचलत नाही. त्यात आता एक गृहस्थ कलावंतांना फोन करून सांगतायत, "मालक बदलतोय, नव्या कागदावर सही करा, नाहीतर तुमची गाणी उतरवली जातील." कागद इंग्रजीत, चार पानी. सर्व हक्क, सर्व माध्यमं, जगभर, कायमचे. आणि नव्या मालकाचं नाव जिथे हवं तिथे जागा कोरी आहे!

अण्णा सही करायला निघालेत. त्यांना पैशाचं काही नाही, गाणी जातील याची धास्ती आहे. दोन्ही कॅसेटचे मास्टर (मूळ रेकॉर्डिंग) कंपनीकडेच आहेत. आमच्याकडे घासलेल्या कॅसेट आणि दोन जुने करार, रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही केलेले. 1998 च्या करारात 'सर्व हक्क' लिहिलंय, पण किती वर्षांसाठी ते कुठेच नाही.

कंपनी खरंच बंद होतेय की विकली जातेय हे बाहेरच्या माणसाने कसं शोधायचं? ती गेलीच तर गाण्यांचं काय होतं? आणि या कोऱ्या जागेच्या कागदाचं काय करायचं? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगा. अण्णांना फार दिवस थोपवता येईल असं वाटत नाही.

प्रतिसाद: तानपुरा

आधी अण्णांना धीर द्या. कंपनी बुडाली तरी गाणी सहसा बुडत नाहीत, त्यांचा मालक बदलतो. ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीचं बघा. 2007 मध्ये ती एका गुंतवणूक कंपनीने घेतली, कर्ज फिटेना म्हणून 2011 मध्ये सिटीग्रुप बँकेकडे गेली आणि 2012 मध्ये रेकॉर्डिंगचा धंदा युनिव्हर्सल या दुसऱ्या संगीत कंपनीने विकत घेतला. तेव्हाही हेच, रोज नवी वावडी. पण कॅटलॉग, म्हणजे जमलेल्या गाण्यांचा साठा, हीच अशा कंपनीची खरी मालमत्ता असते, विकत घेणारा ती पुसून टाकायला घेत नाही. ग्रुपवर अ‍ॅप बंद होणं आणि कंपनी बंद होणं यांचीही गल्लत होत असेल. 2024 मध्ये विंक हे गाण्यांचं अ‍ॅप बंद झालं, त्यावरची गाणी इतर अ‍ॅपवर तशीच वाजतायत.

शोधायचं असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाका. कंपनी चालू आहे, नोंदवहीतून काढली आहे की दिवाळखोरीत आहे ते तिथे फुकट दिसतं. दिवाळखोरीत असेल तर जाहीर सूचना निघते आणि ज्यांचं कंपनीकडे येणं आहे त्यांना दावा लावायला मुदत असते, ती चुकवू नका. मात्र त्या काळातल्या बऱ्याच कॅसेट कंपन्या भागीदारीत किंवा एकट्या मालकाच्या होत्या, त्या इथे सापडणार नाहीत.

शिवाय यूट्यूबवर गाण्याखालचं वर्णन उघडा. बऱ्याचदा वर्तुळातल्या 'पी'पुढे वर्ष आणि हक्कदाराचं नाव असतं. तिथलं नाव बदललंय का, एवढं आजच कळेल.

प्रतिसाद: वकीलसाहिबा

सही अजिबात नको. समोरच्याला लेखी विचारा: नवा मालक कोण, आणि जुन्या कंपनीने त्याला हक्क दिल्याच्या दस्ताची प्रत कुठे आहे. खरा खरेदीदार हे दाखवू शकतो. आणि हक्क आधीच कंपनीकडे असतील तर अण्णांच्या नव्या सहीची गरज का पडते, हेही विचारा.

तुमचे दोन करार कायद्याने वेगळे आहेत. मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं धरतात, ही तरतूद कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 मध्ये 10 मे 1995 पासून लागू आहे आणि त्याआधीच्या करारांना ती लागत नाही. म्हणजे 1993 च्या कागदाला तिचा उपयोग नाही, पण 1998 च्या गवळणींचे शब्द आणि चाल अण्णांकडे परत आले असण्याची चांगली शक्यता आहे. मूळ कागद वकिलाला दाखवा. रेकॉर्डिंगचा हक्क मात्र निर्मात्याचा, प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं. जुनं रेकॉर्डिंग परत मिळणार नाही, पण शब्द-चाल परत आली असेल तर अण्णा त्याच गवळणी नव्याने रेकॉर्ड करू शकतात.

2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणाला लिहून देता येत नाही. नव्या कागदात तसं कलम असेल तर ते टिकणार नाही. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व घ्या, गीतकार आणि संगीतकार दोन्ही म्हणून. संतांचे अभंग असतील तर त्यांच्या शब्दांवर कोणाचाच हक्क नाही, अण्णांची स्वतःची रचना आणि चाल तेवढी नोंदवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. यूट्यूबवर पाहिलं, दोन्ही कॅसेटखाली अजून जुन्याच कंपनीचं नाव आहे. अण्णांना ते मोबाइलवर दाखवलं तेव्हा कुठे ते सही थांबवायला तयार झाले. त्या गृहस्थांना दस्ताची प्रत मागणारा मेसेज टाकलाय, ग्रुपवरही हे सगळं मराठीत लिहून टाकते, कारण काही जणांनी सह्या करूनही दिल्यात.

त्यावरूनच पुढचं विचारते. अण्णांचे ढोलकीवाले आता हयात नाहीत. दोन्ही कॅसेटच्या इनलेवर (डबीतल्या छापील कागदावर) त्यांचं नाव छापलंय, पण कंपनीशी त्यांचा कसलाच लेखी करार नव्हता. त्यांच्या मुलालाही याच कागदासाठी फोन आलाय. त्याने काय करावं?